छंदांनाही हंगाम असतो

हिवाळ्यात घरबसल्या मन कसे रमवावे, या विषयावरचे लेखन वाचताना मला ते नेहमी थोडे परके वाटते, कारण त्यातला बराचसा उपदेश बर्फाच्या प्रदेशातून आलेला असतो. बाहेर पडता येत नाही म्हणून घरात बसायचे आणि घरात बसावे लागते म्हणून विरंगुळा शोधायचा, असा त्याचा क्रम असतो. सांगलीत थंडी कोणालाही घरात कोंडून ठेवत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १२-१४ अंशांच्या आसपास उतरतो, कृष्णाकाठी धुके साचते, कानटोप्या बाहेर येतात. पण अकरा वाजले की स्वेटर हातात धरून फिरण्याची वेळ येते. तरीही आमच्या घरातील बहुतेक छंद दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे झाले की सुरू होतात आणि महाशिवरात्रीच्या सुमारास आवरते घेतले जातात. याचे श्रेय मी थंडीला देत नाही. ते कोरड्या हवेला, लांब रात्रीला आणि विजांच्या गैरहजेरीला द्यावे लागेल. हुरडा जसा ज्वारीचा दाणा कोवळा असतानाच खायचा असतो, तसे काही छंद याच तीन महिन्यांत चांगले लागतात, असे माझे अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतरचे मत आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे या मताला कारणे जोडण्याची सवय मला सोडवत नाही.

रात्रीच्या लांबीपासून सुरुवात करते. २१-२२ डिसेंबरचा दिवस वर्षातील सर्वांत लहान, हे शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते. त्या दिवशी सांगलीत सूर्य अकरा तासांहून थोडाच अधिक काळ क्षितिजाच्या वर असतो. परंतु संध्याकाळ सर्वांत लवकर होते ती त्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तेव्हा सूर्य सहाच्या आतच मावळतो. डिसेंबर संपताना सूर्यास्त पुन्हा सहाच्या पुढे सरकलेला असतो, आणि सूर्योदय मात्र जानेवारीचा तिसरा आठवडा येईपर्यंत उशिरा उशिराच होत जातो. त्यामुळे हंगामाचा पहिला भाग संध्याकाळचा आणि दुसरा भाग पहाटेचा, अशी एक विभागणी आपोआप होते. ज्या छंदासाठी मी हा सगळा हिशेब ठेवते, तो म्हणजे मध्यम लहरींवरचा, म्हणजे मीडियम वेव्हचा, रेडिओ.

आमच्याकडे मामंजींच्या काळापासूनचा एक तीन बँडचा रेडिओ आहे. त्यांच्यासाठी तो सकाळच्या बातम्यांचा आणि नाट्यसंगीताचा रेडिओ होता, आणि त्याचा काटा आकाशवाणी सांगलीच्या १२५१ किलोहर्ट्झवरून फारसा हलत नसे. मला मात्र त्या काट्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे याचे कुतूहल अधिक होते. दिवसा तिथे जवळजवळ काहीच नसते. जमिनीला धरून चालणाऱ्या लहरी शे-दोनशे किलोमीटरपर्यंत पोहोचतात. आमच्याकडे दुपारच्या वेळी धारवाडची कन्नड ७६५ किलोहर्ट्झवर ऐकू येत असे, ती याच मार्गाने. आकाशाकडे गेलेल्या लहरी मात्र दिवसभर वाया जातात, कारण साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा, सूर्यप्रकाशाने विद्युतभारित झालेला हवेचा थर त्यांना शोषून घेतो. या थराला ‘डी’ थर म्हणतात. सूर्य मावळला की तो पाहता पाहता विरतो, आणि मग त्याच लहरी आणखी वरच्या थरांपर्यंत पोहोचून तिथून खाली वळतात. ज्या जागी दुपारी नुसती खरखर होती, तिथे संध्याकाळी साडेसहाला तेलुगू बातम्या सुरू असतात.

हा बदल ऐकण्यात जी मजा आहे, ती मला कोणत्याही मालिकेत मिळालेली नाही. अंधार पूर्वेकडून येतो, त्यामुळे केंद्रेही पूर्वेकडून येतात. डिसेंबरात कोलकात्याचा सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी मावळतो. चेन्नईकडेही आपल्या आधीच अंधारते. म्हणून पश्चिमेला हरिपूरच्या बाजूला अजून तांबडे दिसत असताना रेडिओवर मात्र पूर्वेची रात्र ऐकू येऊ लागते. माझ्या वहीतील जुन्या नोंदींत हैदराबाद ७३८, चेन्नई ७२०, बंगळुरू ६१२, नागपूर ५८५, कोलकाता ६५७, तिरुवनंतपुरम ११६१ असे आकडे आहेत. हैदराबाद येथून सरळ रेषेत साधारण चारशे किलोमीटर, चेन्नई सुमारे साडेसातशे, कोलकाता दीड हजाराच्या पुढे. आवाज एकसारखा येत नाही. तो मधेच भरून येतो, मधेच पाण्यात बुडाल्यासारखा होतो, कारण एकाच केंद्राच्या लहरी वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि एकमेकींना कधी साथ देतात, तर कधी छेद देतात. पहाटे याच्या उलट होते. आपल्याकडे उजाडू लागले तरी अरबी समुद्रावर अजून रात्र असते, त्यामुळे आखातातील अरबी आणि फार्सी केंद्रे सूर्योदयापर्यंत रेंगाळतात. जानेवारीत सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो, तेव्हा चहा हातात घेऊन ती ऐकणे मला मानवते. मे महिन्यात त्यासाठी पाचला उठावे लागेल, आणि उठूनही उपयोग होणार नाही.

उपयोग का होणार नाही, याचे उत्तर विजेत आहे. आकाशात कुठेही वीज चमकली की तिचा कडकडाट मध्यम लहरींवर शेकडो किलोमीटरपर्यंत ऐकू येतो. एप्रिल-मे महिन्यांतील वळीव आणि त्यानंतरचा मोसमी पाऊस या काळात रेडिओ अखंड तडतडत असतो. नोव्हेंबरातही तमिळनाडूकडील ईशान्य मोसमी पावसाच्या विजा त्रास देतात. डिसेंबर सरत आला की विजांचे मोठे कारखाने विषुववृत्ताच्या दक्षिणेला गेलेले असतात आणि आपल्या बाजूचे आकाश शांत होते. लांब रात्र, लवकरचा अंधार आणि विजांची सुट्टी या तिन्ही गोष्टी एकत्र येतात त्या याच दिवसांत, आणि म्हणून जगभरातील दूरश्रवणाचे छांदिष्ट हिवाळ्याची वाट पाहतात.

या छंदात मुलांना गुंतवण्याची एक युक्ती मला सापडली आहे. १९७५ च्या जिनिव्हा परिषदेत ठरलेल्या आणि नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आलेल्या योजनेनुसार आशिया, युरोप आणि आफ्रिकेत मध्यम लहरींची केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली आहेत. ५३१ पासून १६०२ पर्यंत अशा १२० जागा होतात आणि प्रत्येक जागेचा आकडा नवाच्या पटीत असतो. त्यामुळे काटा अंदाजाने लावल्यावर खरा आकडा कोणता असेल, हे अंकांची बेरीज करून ताडता येते : १२५१ ची बेरीज नऊ, ७६५ ची अठरा. शेजारची पाचवी-सहावीतील मुले सुरुवातीला “काकू, आज कोणतं गाव लागलं?” एवढेच विचारत, आता ती भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचतात आणि कन्नड कोणती, तेलुगू कोणती यावरून भांडतात. अमेरिकेत हे अंतर दहा किलोहर्ट्झचे आहे, हे ऐकल्यावर त्यांनी ‘मग तिकडे पाढा सोपा’ असा निष्कर्ष काढला, आणि तो खोडून काढण्याचे मला काही कारण दिसले नाही.

ऐकण्याची तयारी मात्र घरातील माणसांच्या संयमाची परीक्षा पाहते. सर्वांत मोठा शत्रू घरातच असतो. एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, सेट टॉप बॉक्स, इन्व्हर्टर या सर्वांमधील विद्युतमंडले सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात आणि त्यांचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात येतो. म्हणून आमच्याकडे सात ते साडेसात या वेळेत माझ्या खोलीतले चार्जर काढून ठेवायचे आणि दूरदर्शन संच पलीकडच्या खोलीतच चालवायचा, असा तह झालेला आहे. यजमानांनी तो मोठ्या मनाने पाळला आहे, पण क्रिकेटचा सामना असला की तह स्थगित होतो. गावात वीज गेली की सगळे हळहळतात. मी सेलवरचा रेडिओ घेऊन गच्चीवर जाते, कारण त्या वेळी अख्ख्या गल्लीचा गोंगाट एकदम थांबलेला असतो. संचाच्या आत फेराइट कांडीवर गुंडाळलेली तार हीच मध्यम लहरींची एरियल असते, त्यामुळे संच सावकाश फिरवला की आवाज वाढतो किंवा नाहीसा होतो. कांडीचे टोक ज्या दिशेला केले असता केंद्र गप्प होते, त्या रेषेवर ते केंद्र असते. दोन केंद्रे एकाच जागेवर गुंतलेली असली तर एकाला असे गप्प करून दुसरे ऐकता येते. छताला उंच तार बांधण्यापेक्षा ही फिरवाफिरवी अधिक कामाची आहे, असा माझा अनुभव आहे.

ऐकलेले लिहून ठेवायचे, हा या छंदाचा अर्धा भाग. वेळ, आकडा, भाषा, काय ऐकले, आणि त्यानंतर ‘सिन्पो’ नावाच्या पद्धतीने पाच अंक : आवाजाची ताकद, दुसऱ्या केंद्रांचा अडथळा, खरखर, चढउतार आणि एकूण दर्जा, प्रत्येकी एक ते पाच. असा अहवाल केंद्राकडे पाठवला तर काही केंद्रे पडताळणीचे कार्ड पाठवतात. त्यांना क्यूएसएल कार्ड म्हणतात आणि ती जमवणारे लोक जगभर आहेत. अलीकडे मध्यम लहरींवरची अनेक प्रक्षेपण केंद्रे बंद झाली, एफएम वाढले, आणि आकाशवाणीची बहुतेक केंद्रे मोबाईलच्या ॲपवर स्वच्छ ऐकू येतात. मग एवढा खटाटोप कशासाठी, असे मला विचारले जाते. ॲपवर चेन्नई मिळते. पण चेन्नई आणि सांगली यांच्यामधले साडेसातशे किलोमीटर मिळत नाहीत, आणि मी तर त्या किलोमीटरांसाठीच बसलेली असते.

आता कॅरमकडे वळते, कारण त्याचे नाते हवेतील ओलाव्याशी अगदी उघड आहे. पावसाळ्यात पट सुस्त होतो. प्लायवूड ओल धरते, लाकडी सोंगट्या जडावतात, आणि पावडर जास्त टाकली तर तिचा लगदा होऊन पटावर ठिपके धरतात. उन्हाळ्यात घामेजलेले बोट स्ट्रायकरला चिकटते. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत तोच पट असा पळतो की पावसाळ्याच्या जोराने मारलेला स्ट्रायकर सोंगटीआधी स्वतःच भोकात जातो. हाताचा जोर हंगामाप्रमाणे कमी करावा लागतो, हे नव्या खेळाडूला पटायला पहिला आठवडा लागतो. जुन्या मंडळांत पटावर खाली ओढलेल्या टोपीत साठ वॅटचा बल्ब लावलेला असे. तो उजेडासाठी असे हे खरेच, पण त्याच्या धगीने पट कोरडाही राहत असे. एलईडीने उजेड दिला, धग दिली नाही, त्यामुळे पावसाळ्यातला कॅरम पूर्वीपेक्षा आता अधिक सुस्त झाला आहे, हे माझे निरीक्षण कॅरमच्या जुन्या खेळाडूंना विचारून पाहावे.

घरगुती कॅरमची खरी गंमत नियमांवरच्या वादात असते. खेळण्याचा पृष्ठभाग ७४ सेंटीमीटरचा चौरस, काळ्या नऊ, पांढऱ्या नऊ आणि एक राणी, स्ट्रायकर पंधरा ग्रॅमपेक्षा जड नको, एवढ्यावर सगळ्यांचे एकमत असते. पुढे प्रत्येक वाड्याचा कायदा वेगळा. अधिकृत नियमांनुसार डाव २५ गुणांचा असतो, राणीचे तीन गुण असतात, आणि एखाद्याचे २२ गुण झाले की त्याला राणीचे गुण मिळत नाहीत. आमच्याकडे पाहुणे आले की हा शेवटचा नियम कोणालाच मान्य नसतो, विशेषतः ज्याचे २२ झालेले असतात त्याला. नियम छापून पटाच्या मागे चिकटवण्याचा प्रस्ताव मी मांडला होता. तो एकमताने फेटाळला गेला, कारण मग भडंग खाताना बोलायचे कशावर?

बुद्धिबळाचे नाव सांगलीत घ्यायलाच हवे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने या गावात हा खेळ रुजवला, पण त्या मंडळाच्या स्पर्धा उन्हाळ्याच्या सुट्टीत होत आल्या आहेत आणि ते योग्यच आहे. बुद्धिबळाला हवामान लागत नाही. जो खेळ बारमाही खेळता येतो त्याची या लेखात गरज नाही. दूरदर्शन संचालाही याच कारणासाठी मी बाजूला ठेवते.

वाद्यांच्या बाबतीत माझा सिद्धांत थोडा अडखळतो, हे मान्य केले पाहिजे. सांगलीपासून मिरज दहा किलोमीटरच्या आत, आणि मिरजेच्या सतारमेकरांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच मिरजेत राहिले, १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे गाणे होते. आमच्या मुलीचा तंबोरा मिरजेचाच. पावसाळ्यात त्याच्या खुंट्या फुगून इतक्या घट्ट होतात की फिरवताना भीती वाटते. हिवाळ्यात त्या सैल होतात आणि लावलेली तार थोड्या वेळाने सुस्कारा टाकून उतरते. मग खुंटीला खडूची पूड लावून ती दाबून बसवावी लागते. शिवाय दोन परिणाम एकमेकांविरुद्ध काम करतात. पहाटेच्या गारव्यात धातूची तार आकसते, ताण वाढतो आणि सूर चढतो. दुसरीकडे कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि सूर उतरतो. यातील पहिला परिणाम तासाभरात जाणवतो, दुसरा काही आठवड्यांत. त्यामुळे थंडीत पहाटे लावलेला तंबोरा ऊन वर येईपर्यंत टिकत नाही, आणि मुलगी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची कळ दाबून मोकळी होते.

तबलेवाल्यांची परिस्थिती मात्र उलट असते. पावसाळ्यात पुडी, म्हणजे तबल्याचे कातडे, ओल धरून सैल पडते आणि गट्टे ठोकून ठोकून हात दुखतात. कोरड्या हवेत तीच पुडी आपणहून ताणली जाते. आमच्या शेजारचे तबला शिकणारे काका वर्षभर हातोडी शोधत असतात आणि जानेवारीत ती कुठे ठेवली हे त्यांना आठवतही नाही. तंबोऱ्याच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की थंडीत पंखा बंद असतो. पंख्याची घरघर नसलेल्या खोलीत तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवल्यावर होणारा फरक कानाला कळतो, आणि तो कळल्यावर मग खुंट्यांचा त्रास सोसण्याची तयारी होते.

पुस्तकबांधणी हा माझा सर्वांत अलीकडचा छंद, आणि तो हौसेने नव्हे, गरजेने जडला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या घरात पाणी आले नाही, पण गावभागातील नातेवाइकांच्या घरी पुस्तकांची कपाटे पाण्याखाली गेली. गुळगुळीत कागदाची सचित्र पुस्तके वाळताना पानाला पान चिकटून वीट झाली, ती पुन्हा उघडलीच नाहीत. साध्या कागदाची पुस्तके फुगली, डागाळली, शिवण सुटली, पण पाने वाचली. ती पोत्यांत भरून आमच्याकडे आली, आणि त्यानंतर दर हिवाळ्यात मी त्यांतील काही सुटी करून पुन्हा बांधते.

हे काम थंडीतच का करावे, याला पक्के कारण आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर आणि खळीवर बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती तिथेच असते. मैद्याची ताजी खळ लावलेले पुस्तक जुलैत दाबाखाली ठेवले, तर दोन दिवसांनी त्याला बुरशीचा वास येतो. जानेवारीत तेच पुस्तक निवांत वाळते. पद्धत जुनीच आहे. पाठीवरचा जुना सरस कोमट पाण्याने मऊ करून खरवडायचा, पाने जुजांमध्ये, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांमध्ये, सुटी करायची, फाटलेल्या घडीवर पातळ कागदाची पट्टी लावायची, आणि मग मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक जुज आतून शिवून ते मागच्या जुजाशी अडकवत जायचे. या जुजबंदीचे पुस्तक पूर्ण उघडून टेबलावर सपाट राहते. आजकालची नुसत्या डिंकावर चिकटवलेली पुस्तके उघडली की कण्हतात आणि दुसऱ्या वाचनाला पाने हातात देतात. पाठीला मांजरपाटाचा तुकडा, वर पुठ्ठा, आणि दाबासाठी आमचा पाटा, जो मिक्सर आल्यापासून निवृत्त होता.

खळीत चिमूटभर मोरचूद घालण्याची रीत मला एका वयस्कर बांधणीकारांकडून समजली. त्याने कसर आणि झुरळे खळीकडे फिरकत नाहीत. मोरचूद विषारी असते, त्यामुळे त्याचे भांडे आणि पळी स्वयंपाकघरात कधीही परत जाऊ द्यायची नाही आणि हात धुतल्याशिवाय भडंगाच्या डब्याकडे जायचे नाही, एवढे पथ्य पाळावे. आणखी एक गोष्ट नवशिक्यांना सांगावीशी वाटते : लवकर वाळावे म्हणून बांधलेले पुस्तक उन्हात ठेवू नये. एका बाजूने वाळलेला पुठ्ठा पापडासारखा वळतो आणि मग पाटासुद्धा त्याला सरळ करू शकत नाही. सावलीतली कोरडी हवा हीच हिवाळ्याची देणगी आहे, तिला तिचे काम करू द्यावे. या वर्षी दुरुस्तीला काढलेल्या पोत्यातून बहुतांश जुन्या नाटकांची पुस्तके निघाली, हा योगायोग म्हणावा तर सांगलीत तो फार मोठा नाही.

वाकळ शिवण्याविषयी थोडक्यात. सासूबाई अजूनही जुन्या साड्यांचे थर लावून धावदोऱ्याने वाकळ शिवतात आणि तेही दिवाळीनंतरच, कारण पावसाळ्यात सुई गंजते आणि कापडाला दमट वास बसतो. मला त्यात गती नाही, म्हणून त्यावर मत देण्याचा अधिकारही नाही.

नाटकांच्या त्या पोत्यामुळे आमच्या शनिवारच्या नाट्यवाचनाला यंदा नवा खुराक मिळाला आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीच्या राजांसमोर ‘सीता स्वयंवर’ सादर केले आणि त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो, हे सांगलीकराला सांगावे लागत नाही. त्या दिवसाच्या आगेमागे गावात नाटकाचे वारे सुरू होते, मग राज्य नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी येते, आणि ज्यांना रंगमंचावर जागा नाही अशी आमच्यासारखी मंडळी घरी बसून संहिता मोठ्याने वाचतात. नेपथ्य नाही, पाठांतर नाही. पुस्तके मात्र प्रत्येकाच्या हातात हवीत. एकाच प्रतीवरून चौघांनी वाचले की संवादांपेक्षा “सरका जरा” हेच वाक्य अधिक ऐकू येते. वाचनाचा वेग हा या प्रकारातला खरा प्रश्न आहे. जुन्या नाटकांतील लांब वाक्ये डोळ्यांनी वाचताना जड वाटतात. तोंडाने वाचू लागले की त्यांचे विराम कुठे आहेत ते कळते, आणि दोन-तीन पानांनंतर वाचणाऱ्याचा श्वास लेखकाच्या वाक्याशी जुळतो. रात्र मोठी असल्याने पाच अंकांचे नाटक एका बैठकीत होते. उन्हाळ्यात ते दोन शनिवारांत विभागावे लागले असते आणि दुसऱ्या शनिवारी निम्मी मंडळी गावाला गेलेली असती.

पुढच्या शनिवारी ‘संगीत शारदा’ आहे. हे १८९९ चे नाटक, आणि ते लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल आमच्या गावाला लागून असलेल्या हरिपूरचे, त्यामुळे हरिपूरहून येणाऱ्या दोन मैत्रिणींनी मालकीहक्काने आधीच शारदा आणि इंदिराकाकू या भूमिका घेतल्या आहेत. कोदंडासाठी अभियांत्रिकीला असलेला एक तरुण मिळाला आहे, पदे मुलगी तंबोऱ्यावर म्हणणार आहे, आणि भद्रेश्वर दीक्षितांच्या भूमिकेवर तबलेवाल्या काकांनी दावा सांगितला आहे. अडचण फक्त भुजंगनाथाची आहे. पंच्याहत्तरीतल्या त्या नवरदेवाची भूमिका घ्यायला आमच्या गटातील साठीच्या पुढचा एकही पुरुष तयार नाही; प्रत्येक जण आपण अजून तेवढे दिसत नाही असे सांगतो, आणि यजमानांनी तर त्या दिवशी क्रिकेटचा सामना आहे का, हे आताच पाहून ठेवले आहे.